जखम दिसली कधी, कळवली कधी? वृद्धाश्रमातल्या पहिल्या चोवीस तासांचा प्रश्न

मुंबई उपनगर : जून २०२१ ची गोष्ट. घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय, महापालिकेचं. अतिदक्षता विभागात २४ वर्षांचा एक तरुण गंभीर अवस्थेत दाखल होता. २२ जूनला, मंगळवारी, घरची माणसं बघायला गेली तर डोळ्याखाली रक्त. हे कसलं, म्हणून विचारणा झाली, डॉक्टरांनी तपासलं, आणि उत्तर निघालं ते ऐकून सगळा महाराष्ट्र हादरला. उंदरानं कुरतडलं होतं. डोळा शाबूत आहे, जखम पापणीजवळची आहे, असं रुग्णालयानं सांगितलं. त्याच आठवड्यात तो तरुण गेला. मृत्यू मूळ आजारामुळं झाला, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर रुग्णालयात जाऊन आल्या आणि चौकशीचे आदेश निघाले.

त्याआधी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात दोन महिला रुग्णांना उंदीर चावल्याची बातमी आली होती. म्हणजे राजावाडीचा प्रकार पहिला नव्हता.

दोन्ही वेळेला बातमी उंदराची झाली. पिंजरे, कचरा, तळमजला, ठेकेदार यावर आठवडाभर चर्चा झाली. मागं राहिला तो साधा प्रश्न. अतिदक्षता विभागात नर्स चोवीस तास असते, दर पाळीला ओव्हर दिला जातो, तापमान-रक्तदाब तासातासाला लिहिला जातो. अशा ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावरची जखम आधी नातेवाइकांना दिसते आणि मग यंत्रणेला कळते, हे कसं काय? ते नातेवाईक त्या मंगळवारी आलेच नसते तर?

अतिदक्षता विभागाची ही कथा असेल, तर रात्री एखाद-दुसऱ्या मावशीच्या भरवशावर चालणाऱ्या खासगी वृद्धाश्रमात काय होत असेल, हा विचार करण्यासारखा आहे. तिथं पडून असलेल्या माणसाचा मुलगा अंधेरीत नोकरीला असतो, मुलगी सांगलीकडं किंवा बुलढाण्याकडं दिलेली असते आणि भेट महिन्यातून एकदा, नाहीतर दिवाळीला.

गावाचा काय संबंध?

वृद्धाश्रम हा शहरवाल्यांचा विषय, असं गावात अजून म्हटलं जातं. ते आता खरं राहिलेलं नाही. गावाकडं एकट्या राहिलेल्या आईला पॅरालिसिस होतो, मुलगा तिला बोरिवलीला किंवा मुलुंडला घेऊन जातो. वन रूम किचनमध्ये दोन मुलं, दोघं नवरा-बायको कामावर. सहा महिने ओढाताण होते आणि मग कुणीतरी फोन नंबर देतं, ‘चांगलं ठिकाण आहे, सगळं करतात.’ असं ठिकाण बऱ्याचदा मुंबईत नसतंच. जागा स्वस्त म्हणून असे आश्रम कर्जत, बदलापूर, पनवेल, वसई या पट्ट्यात, म्हणजे ग्रामीण तालुक्यांच्या हद्दीतच उभे राहिले आहेत. शेजारच्या गावाला कंपाउंड आणि बोर्ड दिसतो, आत काय चाललंय ते दिसत नाही.

दुसरा संबंध कामाचा. उपनगरातल्या फ्लॅटमध्ये आणि आश्रमांमध्ये म्हाताऱ्या माणसांचं अंग पुसणाऱ्या, डायपर बदलणाऱ्या, रात्र जागणाऱ्या बायका आणि पोरं मोठ्या संख्येनं खेड्यांतूनच येतात. ब्युरोच्या मार्फत लागतात, बारा-बारा तासांची ड्युटी करतात. जखम लपली तर सोसणारा म्हातारा गावचा असतो आणि जखम उघड झाली तर आळ ज्याच्यावर येतो तोही बहुतेक वेळा गावचाच असतो.

‘नर्सिंग होम’ या शब्दाचा घोळ

आपल्याकडं नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरचं छोटं हॉस्पिटल, बाळंतपणं होतात ते. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे म्हातारी, परावलंबी माणसं कायमची राहतात ती जागा. शब्द एकच, वस्तू दोन. आणि कायदाही इथंच दोन वाटांनी जातो.

महाराष्ट्रात नर्सिंग होमची नोंदणी सक्तीची आहे, ती १९४९ च्या कायद्यानं. मुंबईत महापालिका आणि जिल्ह्यात आरोग्य यंत्रणा ती करते. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्या कायद्यातली नर्सिंग होमची व्याख्या वाचली तर आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथं उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा, असा अर्थ निघतो. पंधरा अंथरुणाला खिळलेली माणसं, नाकात नळ्या, बेडसोअरचं ड्रेसिंग, लघवीच्या पिशव्या असं सगळं ज्या आश्रमात आहे तो या व्याख्येपासून फार लांब नाही. पण बोर्डावर ‘वृद्धाश्रम’ किंवा ‘सेवाश्रम’ लिहिलं की तो आरोग्य खात्याच्या नजरेत सहसा येत नाही.

मग वृद्धाश्रमाचा कायदा कोणता? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. राज्याचे नियम २०१० चे. पोटगीसाठी प्रांताकडं अर्ज करायचा तो याच कायद्यानं, त्यामुळं गावात तो थोडाफार माहीत आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की प्रत्येक जिल्ह्यात सरकारनं निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम काढावा. कलम २४ म्हणतं की ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्यानं म्हाताऱ्या माणसाला कुठं टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र खासगी आश्रम काढणाऱ्यानं आधी नोंदणी करावी, इतक्या माणसांमागं इतके कर्मचारी ठेवावेत, जखम झाली तर इतक्या तासांत अमुकला कळवावं, असं या कायद्यात काही नाही. परवान्याची पक्की पद्धत नसल्याचा मुद्दा जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढंही गेलेला आहे.

आश्रमाच्या पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर छापलेला असतो, तो बघून घरची माणसं निर्धास्त होतात. बहुतेक वेळा तो नंबर धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टच्या नोंदणीचा असतो. संस्था कागदावर अस्तित्वात आहे आणि तिनं हिशेब द्यायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आजारी माणूस सांभाळण्याची तपासणी होऊन मिळालेली ती परवानगी नव्हे.

दोन तास, चोवीस तास, पाच दिवस

अमेरिकेत केंद्र सरकारच्या आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना एक नियम लागू आहे. तिथं राहणाऱ्या माणसाला मारहाण, छळ, हेळसांड झाल्याचा आरोप असेल किंवा ‘कारण न कळलेली जखम’ आढळली, तर ती ताबडतोब वरिष्ठाला आणि राज्याच्या तपासणी यंत्रणेला कळवायची. छळाचा संशय असेल किंवा गंभीर इजा असेल तर दोन तासांत, नाहीतर जास्तीत जास्त चोवीस तासांत. चौकशीत काय निघालं ते पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. २०१० च्या एका कायद्यानं ही जबाबदारी मालकापुरती न ठेवता कामगारांवरही टाकली. गुन्ह्याचा संशय आला तर तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं स्वतः पोलिसांपर्यंत पोचवायचं.

त्यातली व्याख्या समजून घेण्यासारखी आहे. जखम होताना कुणी पाहिली नाही, आणि ज्याला झाली त्याला ती कशी झाली हे सांगता येत नाही, ही पहिली अट. आणि जखमेचा मोठेपणा, तिची जागा, एका वेळी किती जखमा आहेत किंवा पुन्हापुन्हा होतायत का, यावरून शंका यावी, ही दुसरी. म्हणजे नडगीवर एक ओरखडा निघाला म्हणून कुणी पोलिसांत धावत नाही. पण दोन्ही मनगटांवर गोल वळ, दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे, कानामागं काळंनिळं, असं दिसलं आणि कुणालाच काही माहीत नाही, तर ‘माहीत नाही’ हेच कळवायचं कारण ठरतं. आपल्याकडं उलटं चालतं. कारण कळल्याशिवाय सांगायचं कशाला, असा विचार असतो. आधी चार दिवस आतल्या आत विचारपूस होते, तोवर डाग फिका पडतो.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं समजायचं कारण नाही. तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये एक अहवाल काढला. नर्सिंग होममधून तातडीच्या विभागात आणलेल्या ज्येष्ठांची २०१६ सालची संशय यावा अशी प्रकरणं त्यांनी तपासली. त्यांच्या अंदाजानं दर पाचपैकी एका प्रकरणात छळ, हेळसांड किंवा कारण न कळलेली जखम असण्याची शक्यता होती, आणि यातली पुष्कळ प्रकरणं नर्सिंग होमनी कळवलीच नव्हती. नियम असूनही लपवलं गेलं. पण नियम होता म्हणून कुणी लपवलं हे निदान मोजता आलं. महाराष्ट्रात असा आकडा काढायला कुणी बसलं तर मोजणार कुठल्या वहीतून?

कैद्याला आहे, म्हाताऱ्याला नाही

बाहेरचं उदाहरण नको असेल तर घरचं घ्यावं. कोठडीत कुणी मेलं तर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचं, ही सूचना आयोगानं १९९३ सालीच काढली. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असून पोलिसांना कळवलं नाही तर पॉक्सो कायद्यात न कळवणाऱ्यालाच शिक्षा आहे. कारण उघड आहे. कैदी काय, मूल काय, दोघंही दुसऱ्याच्या ताब्यात असतात, बंद दाराआड असतात. लकवा मारलेला, विसरभोळा झालेला म्हातारा यापेक्षा वेगळ्या अवस्थेत नसतो. त्याच्या बाबतीत मात्र सगळं आश्रमचालकाच्या भल्या मनावर सोडलेलं आहे.

भली माणसं आहेतच. पदरमोड करून, रस्त्यावरची बेवारस म्हातारी माणसं उचलून आणून त्यांची घाण काढणारे लोक या राज्यात आहेत, त्यांच्या जोरावर कितीतरी जीव तगलेत. पण यंत्रणा चांगल्या माणसासाठी नसते. ती वाईट माणसासाठी आणि थकलेल्या माणसासाठी लागते.

बोलता न येणाऱ्यांचं काय होतं हे ठाणे आणि रायगड जिल्ह्यांनी पाहिलेलं आहे. शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या आश्रमातल्या बातम्या वाचून २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ पनवेलजवळ कळंबोलीतल्या संस्थेचं प्रकरण वर आलं, आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं त्यात शिक्षा सुनावली. त्या मुलामुलींच्या अंगावर काय झालं हे रोज त्यांना आंघोळ घालणाऱ्यांना दिसत असणारच. तरी बाहेर यायला बातमी लागली, कोर्ट लागलं.

गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, दिल्लीजवळच्या नोएडात सेक्टर ५५ मधल्या एका वृद्धाश्रमावर महिला आयोगानं धाड टाकली. ३९ ज्येष्ठांना तिथून हलवायचं ठरलं. खोल्यांना कुलपं, एका वृद्धेचे हात बांधलेले. हे कळलं कसं? कुठल्या रजिस्टरमधून नाही, निरीक्षकाच्या फेरीतून नाही. कुणीतरी काढलेला व्हिडिओ व्हायरल झाला म्हणून.

त्याच महिन्यात गोरेगावच्या आरे कॉलनीत कचऱ्याच्या जागी एक साठीची, कॅन्सरनं चेहरा जखमी झालेली बाई सापडली. नातवानं सोडलं, असं तिनं स्वतः सांगितलं. पोलिसांनी तिला कूपर रुग्णालयात दाखल केलं, सीसीटीव्ही तपासले, गुन्हा नोंदवला. रस्त्यावर सापडली म्हणून तिची नोंद झाली, आणि तिला बोलता येत होतं म्हणून तपासाला दिशा मिळाली. हीच बाई चार भिंतींच्या आत, बोलता न येणारी असती तर तिच्या चेहऱ्याची नोंद कुणी केली असती, याचं उत्तर सोपं नाही.

उशीर झाला तर नेमकं काय बिघडतं

‘पडली असेल, म्हातारं माणूस आहे’ हे वाक्य पुष्कळदा खरंही असतं. उतारवयात हाडं ठिसूळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते. हृदयाच्या किंवा पक्षाघाताच्या आजारात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसतं दंडाला धरून उठवलं तरी काळा डाग उठतो. एकट्या मावशीनं जड माणूस उचलताना पलंगाची कड लागते. प्रत्येक डाग म्हणजे मारहाण नव्हे. पण ते आज ठरवता येतं, दहा दिवसांनी ठरवता येत नाही. डाग हिरवा आहे की पिवळा यावरून तो नेमका किती दिवसांचा हे खात्रीनं सांगता येत नाही, असं डॉक्टरच सांगतात. म्हणून पहिल्या दिवशी काढलेला फोटो आणि लिहिलेली वेळ यांना मोल आहे.

उपचाराचंही तेच. खुब्याचं हाड मोडलं तर शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावं, असा वैद्यकीय सल्ला असतो. उशीर झाला की माणूस अंथरुणाला खिळतो, न्यूमोनिया होतो, बेडसोअर होतात, आणि म्हातारपणात यातूनच माणूस जातो. लकवा झालेल्या किंवा विसरभोळ्या माणसाला ‘दुखतंय’ हेही सांगता येत नाही. तो फक्त पाय हलवायचा बंद होतो. त्याला ‘आज आजोबा हट्टीपणा करतायत’ असं नाव पडतं.

डोक्याला लागलेलं तर फारच फसवं. वरून टेंगूळ, आत कवटीखाली रक्त हळूहळू साठत राहतं. पहिल्या दिवशी माणूस चांगला जेवतो-बोलतो. आठवड्यानं, कधी दोन-तीन आठवड्यांनी झोपाळल्यासारखा होतो, बोलणं अडखळतं, एक हात ढिला पडतो. तेव्हा त्याला डॉक्टरकडं नेलं आणि ‘मध्ये कुठं पडले होते का’ या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नसेल, तर डॉक्टर आजार शोधत बसतो. एका ओळीची नोंद त्याचा सीटी स्कॅन लवकर करायला लावू शकते.

मावशीनं लिहिलं तर नोकरी जाईल का?

न लिहिण्यामागं नेहमी क्रूरपणा असतो असं नाही, बहुतेक वेळा भीती असते. रात्री दोनला म्हातारी पलंगावरून घसरली. ड्युटीवर असलेली पोरगी तालुक्याच्या गावाहून आलेली, दोन महिन्यांपूर्वी लागलेली. सांगितलं तर मालक पगार कापणार, घरचे आरडाओरडा करणार, ब्युरो काढून टाकणार. म्हणून ती म्हातारीला उचलून ठेवते, हळद लावते, सकाळच्या पाळीला ओव्हर देताना बोलत नाही. सकाळची मावशी बघते, पण तिलाही वाटतं आपल्यावर येईल. तिसऱ्या दिवशी मुलगा येतो, पाय सुजलेला दिसतो. आता विचारलं जातं, कुणाच्या ड्युटीत? आणि सगळ्यांत नवी, सगळ्यांत गरीब जी असेल तिच्यावर बोट जातं. हे कुठल्या एका आश्रमाचं वर्णन नाही, पण या कामात असलेल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

म्हणून नोंद ही कामगाराच्या विरोधातली गोष्ट आहे, हा समज काढून टाकायला हवा. रात्री २ वाजून १० मिनिटांनी पडल्या, उजवा खुबा दुखतोय म्हणतात, २.१५ ला मॅनेजरला फोन केला, एवढं जिनं लिहिलं तिच्यावर उद्या कुणी ‘तू मारलंस’ किंवा ‘तू लपवलंस’ म्हणू शकत नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेला एक मेसेजही वेळेसकट राहतो. गावातून या कामाला जाणाऱ्या पोरींना घरच्यांनी पगाराची बोली करायला शिकवलेलं असतं. ड्युटी सुरू होताना पेशंटचं अंग नजरेखालून घालायचं आणि आधीचा डाग असेल तर तो तेव्हाच दाखवून द्यायचा, हेही सांगून पाठवलं पाहिजे.

मालकांनाही एक गोष्ट कळायला हवी. पडल्याची नोंद केली म्हणून पगार कापणारा मालक खरं तर पुढची नोंद बंद करत असतो.

घरच्यांच्या हातात काय आहे

कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर पहिला दिवस हातात असतो, दाखल करायचा. त्या दिवशी घरची माणसं डिपॉझिट, महिन्याचे पैसे आणि खोलीतला पंखा बघतात. ॲडमिशनच्या फॉर्मवर हमखास एक ओळ असते, काही कमी-जास्त झाल्यास संस्था जबाबदार नाही. त्यावर सही करायला लावतात. सही करावी लागलीच तरी खाली स्वतःच्या हातानं लिहिता येतं : पडणं, जखम, भाजणं, सूज यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी या दोन नंबरांवर फोन आणि फोटो. चालक याला नाही म्हणाला तर तो का नाही म्हणतो हे तिथल्या तिथं कळून येतं. कागदावर अशी सही झाली म्हणजे लगेच कोर्टात विजय, असं नाही. पण पुढं काही घडलं तर ‘आम्हाला सांगायचं माहीत नव्हतं’ ही पळवाट बंद होते.

दाखल करतानाच माणसाच्या अंगावरच्या जुन्या खुणांचे फोटो काढून ठेवणं दोघांच्या फायद्याचं. आश्रमावर उगाच आळ येत नाही आणि नवी जखम जुनी म्हणून खपवता येत नाही.

गावाहून भेट जमत नसेल तर व्हिडिओ कॉल असतोच, पण तो बहुतेक वेळा चेहऱ्याचा होतो. ‘आई, कशी आहेस’, आई हसते, कॉल संपतो. हात, मनगटं, पायाचे घोटे, पाठ दाखवायला सांगितलं तर कुणाला राग यायचं कारण नाही. वेळ सांगून केलेल्या कॉलपेक्षा अधूनमधून न सांगता केलेला कॉल जास्त खरं दाखवतो. आणि उपनगरात राहणारा गावचा कुणी ना कुणी असतोच, त्याला महिन्यातून एकदा चक्कर मारायला सांगणं भिडेचं वाटू नये.

जखम दिसली आणि उत्तरं फिरायला लागली, तर माणसाला सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात नेऊन ‘एमएलसी करा’ असं स्पष्ट म्हणावं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवून केलेली वैद्यकीय नोंद. राजावाडी असो, कूपर असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, ही नोंद तिथं होते. जखम कुठं, केवढी, कशी दिसते हे डॉक्टरच्या अक्षरात कागदावर येतं. हाड मोडलेलं असेल तर ती भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापत ठरते, मग ती कुणी केली हा पोलिसांचा प्रश्न होतो.

मुंबईच्या किंवा कर्जत-पनवेलच्या पोलिस ठाण्यात खेटे घालायला गावाहून कोण जाणार, म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या पोलिस ठाण्यातही देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे कारण चालत नाही, आपल्या तालुक्याच्या ठाण्यात ती नोंदवून पुढं पाठवली जाते. लोक त्याला झिरो एफआयआर म्हणतात. माणूस अपंग असेल तर आणखी एक दार आहे, जे फारसं कुणी ठोठावत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणं त्याच्यावर अत्याचार होतोय अशी खबर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. तालुक्यात कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार. आश्रमाशेजारच्या गावातल्या माणसाला रात्री ओरडण्याचे आवाज ऐकू येत असतील तर तोही अर्ज देऊ शकतो, नात्याचा असायची गरज नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. जीवावरचं असेल तर ११२.

विधेयक आलं आणि गेलं

केंद्रानं हे दुखणं ओळखलं नव्हतं असं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. ज्येष्ठांच्या निवासी संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, प्रत्येक पोलिस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक नेमलेला अधिकारी, पोटगीची १० हजारांची मर्यादा काढणं, हे सगळं त्यात होतं. स्थायी समितीनं २०२१ मध्ये अहवालही दिला. त्यानंतर ते पुढं सरकलं नाही. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं.

केंद्राचं राहू द्या. महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट बघावी लागत नाही, कारण २००७ च्या कायद्याखालचे नियम राज्य स्वतः करतं आणि नर्सिंग होमचा कायदा तर राज्याचाच आहे. वृद्धाश्रमांना लागू होईल असा जखम कळवण्याचा एक नियम, त्यात तासांचा आकडा, आणि कळवायचं कुणाला त्या अधिकाऱ्याचं पद, एवढं पानभर काम आहे. त्याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. अडचण एकच आहे. कळवलेलं वाचायला आणि जाऊन बघायला माणूस लागतो, आणि समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात किती खुर्च्या रिकाम्या असतात हे तिथं कामासाठी खेटे घातलेल्या कुणालाही विचारावं.

राजावाडीत २०२१ ला त्या मंगळवारी नातेवाइकांनी रक्त पाहिलं ती भेटीची वेळ होती. उंदीर नेमका कधी चावला हे कुणीच पाहिलं नव्हतं.